अव्वल जिम्नॅस्ट आणि आहारविकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलीला जिम्नॅस्टिक्सला घातलेल्या पालकांकडून, शाळांतल्या क्रीडाशिक्षकांकडून आणि टीव्हीवर ऑलिंपिक बघणाऱ्यांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आधी एक खुलासा. या पानावर कुणाचंही नीचांकी वजन, कॅलरींचे आकडे किंवा उपाशी राहण्याच्या क्लृप्त्या दिलेल्या नाहीत, आणि हे मुद्दाम केलं आहे. या आजारात अडकलेल्या मुली असे आकडे स्पर्धेच्या निकालासारखे वाचतात.

खेळाडू डाएट करतातच. मग त्याला आजार का म्हणायचं?

कुस्तीगीर वजनगटासाठी खाणं कमी करतो आणि वजन झालं की त्याच संध्याकाळी ताटावर बसतो. आहारविकार झालेल्या मुलीला ते बसणंच जमत नाही. ठरवलेलं वजन गाठलं की त्याहून कमी वजन ठरतं, ते गाठलं की आणखी कमी. डोक्यात दिवसभर दुसरं काही उरत नाही.

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसात खाणं इतकं कमी होतं की शरीर खंगतं, तरी आरशात दिसणारी मुलगी तिला जाडच वाटते. बुलिमियात भराभर खूप खाल्लं जातं आणि मग ते शरीरातून घालवण्याची धडपड सुरू होते. बुलिमियात वजन बहुतेक वेळा चारचौघींसारखंच राहतं, त्यामुळे घरातल्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तिसरा प्रकार बिंज ईटिंगचा, म्हणजे ताबा सुटून खूप खाण्याचा. याशिवाय कुठल्याच चौकटीत नीट न बसणाऱ्या, पण शरीराची तेवढीच नासधूस करणाऱ्या तऱ्हा असतात आणि खेळाडूंमध्ये त्याच जास्त दिसतात. ‘हिला अ‍ॅनोरेक्सिया नाही’ एवढं ऐकून निर्धास्त होऊ नये, ते यासाठी.

हे जिम्नॅस्टिक्समध्येच इतकं का?

जिम्नॅस्टिक्समध्येच असं नाही. फिगर स्केटिंग, बॅले, लांब पल्ल्याचं धावणं, वजनगटांचे खेळ इथेही हे आहे. पण जिम्नॅस्टिक्समध्ये बऱ्याच गोष्टी एकाच ठिकाणी येतात. गुण माणसं देतात, घड्याळ देत नाही. अंगावर तंग लिओटार्ड असतो. खेळ सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होतो आणि ऐन स्पर्धेचा काळ वयात येण्याच्या काळावरच येऊन आदळतो.

महिला जिम्नॅस्ट म्हणजे चिमुरडी पोर, हे चित्र फार जुनं नाही. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या आग्नेश केलेटीने चार सुवर्णपदकं जिंकली तेव्हा ती 35 वर्षांची होती. 1968 मध्ये मेक्सिकोत सर्वंकष (सगळ्या प्रकारांचे गुण मिळून) विजेती ठरलेली चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्स्का 26 वर्षांची होती. मग 1972 मध्ये म्युनिकला सोव्हिएत संघाची ओल्गा कोर्बुट आली आणि 1976 मध्ये माँट्रियालला रुमानियाच्या 14 वर्षांच्या नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळवले. जग वेडं झालं. यात नादियाचा दोष काय? ती असामान्यच होती. पण तिच्याकडे बघून जगभरच्या प्रशिक्षकांनी उचलला तो तिचा सांगाडा. अमेरिकी ऑलिंपिक संघातल्या मुलींची सरासरी उंची 1976 मध्ये सुमारे पाच फूट तीन इंच होती, 1992 मध्ये ती चार फूट नऊ इंचांवर आली. सोळा वर्षांत एका देशाच्या मुली अशा आखूड होत नाहीत. निवडणाऱ्यांची नजर बदलली होती.

त्यातून वयात येणं हे संकट ठरलं. तेरा-चौदाव्या वर्षी उंची वाढते, कंबर रुंदावते, शरीराचा तोल सरकतो. काल जमत असलेली उडी आज चुकते. हे तात्पुरतं असतं. नवं शरीर अंगवळणी पडायला काही महिने लागतात, आणि नंतर ताकद उलट वाढते. पण ऑलिंपिक दर चार वर्षांनी येतं आणि निवड चाचणी पुढच्या महिन्यात असते. चुकलेल्या उडीचं सर्वांत सोपं स्पष्टीकरण ‘वजन वाढलंय’ हेच असतं. प्रशिक्षकाला ते पटतं, आईला पटतं, मुलीला तर आधीच पटलेलं असतं.

पण वजन कमी असेल तर उड्या सोप्या जातात, हे भौतिकशास्त्र नाही का?

अर्धंच. हवेत गिरकी घेताना फायदा मुख्यतः लहान चणीचा होतो. शरीर अक्षाच्या जवळ गोळा झालेलं असेल तर फिरवायला जोर कमी लागतो. पण चण उपाशी राहून मिळत नाही. (वाढीच्या वयात उपासमार केली तर उंची खुंटू शकते. त्याला खेळातला फायदा म्हणायचं असेल तर म्हणा.) मुळात हवेत जायला लागतात स्नायू, आणि खाणं तुटलं की आधी स्नायूंतला साखरेचा साठा जातो, मग स्नायूच झिजू लागतात.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची उंची 142 सेंटिमीटर आहे आणि तिच्या मांड्या-खांदे कुणाही धावपटूला हेवा वाटावा असे आहेत. 2023 मध्ये अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेत तिने व्हॉल्टवर (हात टेकून उडी मारायच्या टेबलावर) युरचेन्को डबल पाईक केला, म्हणजे पाय सरळ ठेवून हवेत मागे दोन कोलांट्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो करणारी ती पहिली स्त्री ठरली. ती उडी काटक्यांसारख्या पायांनी होत नाही.

खरा घात सुरुवातीच्या काही आठवड्यांत होतो. वजन उतरतं, स्नायू अजून शाबूत असतात, बारवर अंग हलकं वाटतं आणि सर पाठ थोपटतात. मुलीच्या मनात हिशेब पक्का होतो: कमी खाल्लं की चांगलं होतं. पुढे थकवा येतो, एकाग्रता जाते, हाडांना बारीक तडे जातात. तोवर तिला मागे फिरता येत नाही. त्या शाबासकीचं मला फार वाईट वाटतं, कारण ती देणारा बहुतेक वेळा मनाने चांगला असतो.

क्रिस्टी हेनरिच कोण होती?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण तिचा एखादा फोटो बघून आलेले असतात. तो फोटो विसरून तिचा खेळ बघावा.

क्रिस्टीचा जन्म 18 जुलै 1972 चा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावची ही मुलगी. सरावातल्या चिवटपणामुळे तिला ‘ई. टी.’ म्हणत, ‘एक्स्ट्रा टफ’चं ते लघुरूप. 1988 मध्ये बुडापेस्टच्या एका स्पर्धेच्या वेळी एका अमेरिकी पंचाने तिला सांगितलं की ऑलिंपिक संघात यायचं असेल तर वजन कमी कर. त्याच वर्षी तिचं सोल ऑलिंपिक 0.118 गुणांनी हुकलं. आपण नेमके कशामुळे मागे पडलो, याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. ते बुडापेस्टमध्येच मिळालं होतं.

1989 मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वंकष दुसरी आली आणि श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत अनइव्हन बार्सवर (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर) चौथी. बाहेरून बघणाऱ्याला ही चढती कमान दिसते. आतून आजार तेव्हाच पकड घेत होता. 1991 मध्ये अशक्तपणामुळे तिला खेळ सोडावा लागला. मग रुग्णालयांच्या फेऱ्या, थोडं सावरणं, पुन्हा घसरणं. 26 जुलै 1994 रोजी कॅन्सस सिटीत तिचे अवयव एकामागून एक निकामी झाले आणि ती गेली. बावीस पूर्ण होऊन आठ दिवस झाले होते.

वजनावरून तिच्यावर दबाव आणल्याचं तिच्या प्रशिक्षकाने नाकारलं. तिच्या मृत्यूनंतर, 1995 मध्ये, अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाने आहारविकार, पाळी आणि हाडं या तिहेरी प्रश्नावर कृतिदल नेमलं. शिफारशी चांगल्या होत्या. पण त्याच देशात पुढे टेक्ससमधल्या प्रशिक्षक कॅरोली दांपत्याच्या रँचवर राष्ट्रीय संघाची शिबिरं भरू लागली, आणि तिथे ताटात काय घेतो यावर नजर असे, पोटभर खायची भीती वाटे, असं नंतर अनेक जणींनी सांगितलं. संघाचा डॉक्टर लॅरी नासर मुलींना चोरून खाऊ देत असे. भुकेल्या मुलींचा विश्वास त्याने असा मिळवला, आणि त्याचा वापर कशासाठी केला हे जगाला ठाऊक आहे. 2018 मध्ये त्याला लैंगिक अत्याचारांसाठी 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. खाण्यावरची पहारेदारी ही वेगळी, किरकोळ बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या एका तपशिलावर थांबावं.

एका वाक्याने कुणी इतकं आजारी पडतं का?

एकट्या वाक्याने नाही. या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. स्वभावही लागतो: सगळं अचूकच हवं असणं, चूक सहन न होणं, चिंता. आणि नेमक्या याच स्वभावाच्या मुली या खेळात वर येतात. दुखतंय तरी बोलायचं नाही, सांगितलं तेवढं किंवा त्याहून जास्तच करायचं, ही चांगल्या जिम्नॅस्टची लक्षणं. आजारालाही नेमकं तेच हवं असतं. म्हणून त्या वाक्याची जबाबदारी हलकी होत नाही, जड होते. समोर कोण उभं आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 42 महाविद्यालयीन जिम्नॅस्टना प्रश्न विचारले होते. सगळ्याच्या सगळ्या काही ना काही डाएट करत होत्या. 62 टक्के जणी घातक मार्गांपैकी निदान एक मार्ग वापरत होत्या. दोन तृतीयांश जणींना प्रशिक्षकाने ‘तू जाड आहेस’ असं सांगितलेलं होतं, आणि त्यांतल्या 75 टक्के जणी त्या घातक मार्गांकडे वळल्या होत्या.

एकूण प्रमाण किती आहे?

सगळ्यात जास्त उद्धृत होतो तो नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंवरचा 2004 चा अभ्यास. त्यात नुसती प्रश्नावली नव्हती, मुलाखती घेऊन निदान केलं होतं. जिम्नॅस्टिक्ससारख्या, सौंदर्याला गुण असणाऱ्या खेळांतल्या 42 टक्के महिला खेळाडूंमध्ये आहारविकार किंवा त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था आढळली. चेंडूच्या खेळांत हे प्रमाण 16 टक्के होतं, आणि खेळाडू नसलेल्या स्त्रियांत 9 टक्के. देश, वय, मोजण्याची रीत बदलली की आकडे बदलतात, तेव्हा 42 हा आकडा पाठ करून मिरवू नये. क्रम मात्र बहुतेक अभ्यासांत असाच लागतो.

जिम्नॅस्टची पाळी उशिरा येते किंवा थांबते. ते तर नॉर्मलच ना?

सर्रास दिसतं, म्हणून नॉर्मल होत नाही. हा समज सर्वांत चिवट आहे आणि कित्येक आयाही तो बाळगून असतात. पाळी नसणं म्हणजे सराव जोरात चालल्याची पावती, असं मुली एकमेकींना सांगतात.

होतं असं. सरावाला लागणारी ऊर्जा वजा जाता शरीराच्या रोजच्या कारभाराला पुरेशी उरली नाही, तर शरीर काटकसर सुरू करतं. ज्यावाचून आजचा दिवस निघेल ते आधी बंद. त्यात पहिली जाते प्रजननसंस्था. इस्ट्रोजेन घसरतं, त्यामागून हाडं, प्रतिकारशक्ती, हृदयाची गती, पचन, झोप, मनःस्थिती. 1990 च्या दशकात याला महिला खेळाडूंचं त्रिकूट म्हणत: अपुरं खाणं, बंद पाळी, ठिसूळ हाडं. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने व्याख्या रुंदावली आणि त्याला रेड्स (खेळाडूच्या शरीराला पडणारी सापेक्ष ऊर्जाटंचाई) हे नाव दिलं. व्याख्येत आता पुरुषही आले आणि हाडांपलीकडचे परिणामही.

जिम्नॅस्टच्या बाबतीत एक गंमत आहे, आणि ती फसवी आहे. व्हॉल्टवरून, बीमवरून (तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवरून) दिवसातून शंभर वेळा जमिनीवर आदळणाऱ्या पायांची हाडं त्या आदळण्यानेच बळकट होतात. त्यामुळे पाळी चुकत असूनही जिम्नॅस्टची हाडं पाळी चुकणाऱ्या धावपटूंपेक्षा घट्ट निघतात. तपासणीचा कागद चांगला येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण खेळ थांबला की आदळणंही थांबतं. हाडांची आयुष्यभराची बहुतेक पुंजी अठरा-वीस वर्षांपर्यंत जमा होते. त्या वर्षांत पडलेला खड्डा नंतर पुरता भरून येत नाही.

पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा येत असलेली सलग तीन महिने थांबली असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. तिथे केवळ पाळी आणायच्या गोळ्या लिहून मिळाल्या तर आणखी विचारावं. गोळीने रक्तस्राव सुरू होतो, उपासमार तशीच राहते.

सगळ्याच बारीक असतात. मग आजारी कोण, हे कसं ओळखायचं?

वजनावरून ओळखायला जाऊ नका, फसाल. वागणं बघा. पूर्वी आवडीने खाणारी मुलगी एकेक पदार्थ सोडत जाते: आधी गोड, मग तेलकट, मग भात, मग पोळी. ‘मैत्रिणीकडे खाल्लं’, ‘पोट दुखतंय’ ही कारणं वाढतात. जेवून उठल्याउठल्या ती न्हाणीघरात जाते आणि नळ सोडलेला ऐकू येतो. सगळ्यांसाठी हौसेने रांधते, स्वतः चमचाभरही खात नाही. उन्हाळ्यातही थंडी वाजते, केस गळतात, चक्कर येते. सुट्टीच्या दिवशी व्यायाम चुकला तर चिडते किंवा रडते. दुखापती भरून यायला वेळ लागतो आणि त्याच जागी पुन्हा होतात.

आपल्याकडे आणखी एक आडोसा आहे: उपास. कधी चतुर्थीही न पाळणारी मुलगी अचानक संकष्टी, मग सोमवार, मग गुरुवार धरू लागते आणि खिचडीलाही हात लावत नाही. आजी खूश असते. देवाधर्माचं म्हटलं की कुणी प्रश्न विचारत नाही, हे मुलींना बरोबर कळतं.

मुलग्यांनाही हा आजार होतो का?

होतो. वर सांगितलेल्या नॉर्वेच्या अभ्यासात पुरुष खेळाडूंतलं प्रमाण 8 टक्के होतं, खेळाडू नसलेल्या पुरुषांत अर्धा टक्का. मुलांमध्ये तो उशिरा कळतो, कारण कुणी शोधतच नाही. रिंग्जवर किंवा पॉमेल हॉर्सवर खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ‘चरबी काढतोय’ ही भाषा इतकी रुळलेली असते की तिच्याआड काहीही लपतं.

रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये परिस्थिती वेगळी आहे का?

वेगळी आहे, पण बरी नाही. रिबन, हूप, चेंडू घेऊन चालणाऱ्या या प्रकारात उंच, सडपातळ अंगकाठी हीच शैली मानली गेली. 2022 मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघातल्या माजी खेळाडू नीना कोरादिनी आणि आना बास्ता यांनी देझिओच्या प्रशिक्षण केंद्रातल्या वजनाच्या जाचाबद्दल उघडपणे सांगितलं: सगळ्यांसमोर रोज काट्यावर उभं राहणं आणि त्यावरून होणारा पाणउतारा. त्या बोलल्यावर आणखी बऱ्याच जणी बोलत्या झाल्या. त्याआधी 2020 मध्ये स्वित्झर्लंडच्या माग्लिंगेन केंद्रातल्या आठ माजी जिम्नॅस्टनी असंच कथन केलं होतं. या गोष्टींचा साचा इतका सारखा आहे की देशाचं नाव झाकलं तर कुठली हकिकत कुठली हे सांगता येणार नाही.

प्रशिक्षक इतकं वजन का करत होते?

कारण आकडा हाती लागतो. मुलीचा धीर, झोप, भीती, उडीची लय मोजायला वेळ आणि जाण लागते. काटा दोन सेकंदांत उत्तर देतो. त्यांचेही प्रशिक्षक तेच करत आले होते. आणि ती मुलं असल्याने उलट विचारणारं कुणी नव्हतं.

ब्रिटनमध्ये वकील ॲन व्हाइट यांनी जिम्नॅस्टिक्समधल्या छळाच्या तक्रारींवर केलेल्या चौकशीचा अहवाल जून 2022 मध्ये आला. 2008 ते 2020 या काळाबद्दल 400 हून अधिक जणांनी निवेदनं दिली होती. त्यात वजनाच्या या राजवटीला ‘काट्याची जुलूमशाही’ असंच म्हटलं आहे. प्रशिक्षक मुलींच्या बॅगा आणि खोल्या खाण्याच्या वस्तूंसाठी तपासत. मुली पलंगाखाली, छताच्या फरश्यांमागे खाऊ लपवत. कित्येक क्लबांमध्ये वजन करण्यामागे कसलंही शास्त्र नव्हतं. वाढत्या वयाच्या मुलीचं वजन वाढणारच, हे साधं गणितही तिथे अपराध ठरलं.

हे वाचताना मला अस्वस्थ करतो तो काळ. क्रिस्टी जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा या चौकशीचा काळ सुरू होतो. कुणाला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

आता काही बदललं आहे का?

बदललं आहे. ऑलिंपिकसाठीची किमान वयाची अट 1981 मध्ये 14 वरून 15 आणि 1997 मध्ये 16 झाली. 2006 पासून दहा गुणांची कमाल मर्यादा गेली आणि अवघड, ताकदीच्या कसरतींना जास्त मोल आलं. यामुळे दुखापतींचे प्रश्न वाढले असं मानणारे आहेत, पण बलदंड शरीराला दार उघडलं हेही खरं. ब्रिटनच्या महासंघाने 2023 मध्ये प्रशिक्षकांनी मुलांचं वजन करण्यावर बंदी आणली. आता ते फक्त पात्र वैद्यकीय किंवा क्रीडाविज्ञान तज्ज्ञ, सबळ कारण असेल तर आणि संमती घेऊनच करू शकतात. 2021 मध्ये बाझेलच्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीची सारा फॉस घोट्यापर्यंत अंग झाकणारा युनिटार्ड घालून उतरली आणि त्याच वर्षी टोकियोत जर्मन संघाने तोच घातला. नियमात तो आधीपासून होता. धार्मिक कारण सोडलं तर तो घालायचं धाडस क्वचितच कुणी केलं होतं.

सर्वांत मोठा फरक वयाचा पडला. 2024 मध्ये पॅरिसला बाइल्स सर्वंकष विजेती झाली तेव्हा ती 27 वर्षांची होती. इतक्या वयाची विजेती 1952 नंतर झालीच नव्हती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना टोकियोत 46 व्या वर्षी आठवं ऑलिंपिक खेळली. आपली दीपा कर्माकर 2016 मध्ये रिओत व्हॉल्टवर चौथी आली, आणि आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण तिला 2024 मध्ये, वयाच्या तिशीत मिळालं. सोळाव्या वर्षी सगळं संपतं ही भीतीच जर खोटी असेल, तर चौदाव्या वर्षी शरीर गोठवून ठेवण्याची घाई कशासाठी?

नियम कागदावर आहेत, हेही ध्यानात ठेवावं. काटा नेला तरी नजर राहते.

उपचार काय असतात? पोटभर खाऊ घातलं की झालं ना?

नाही. आणि फार खंगलेल्या व्यक्तीला घरच्या घरी एकदम खाऊ घालणं धोक्याचं आहे. उपासमारीनंतर अचानक भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं. अशा वेळी खाणं रुग्णालयात, रक्ततपासण्या करत, टप्प्याटप्प्याने वाढवावं लागतं.

एरवी उपचार फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून करतात. किशोरवयीन मुलींसाठी कुटुंबावर आधारित उपचारपद्धतीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. त्यात जेवणाची सूत्रं काही काळ आईवडिलांच्या हाती दिली जातात आणि आजार हा मुलीपेक्षा वेगळा, बाहेरचा मानून सगळं घर त्याच्याशी लढतं. बुलिमियात विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी उपयोगी पडते, काहींना औषधंही. काळ महिन्यांचा नव्हे, वर्षांचा असतो. अ‍ॅनोरेक्सियातला मृत्युदर मानसिक आजारांतल्या सर्वाधिक दरांपैकी एक आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणी आत्महत्येने जातात, म्हणून मनाची बाजू ‘नंतर बघू’ म्हणून ठेवता येत नाही.

सरावाला परत कधी जायचं हे डॉक्टरांनी ठरवावं. प्रशिक्षकाने नाही, आणि मुलीनेही नाही.

कुणी पूर्ण बरं होऊन परत आलं आहे का?

कॅथी रिग्बी 1970 मध्ये जागतिक स्पर्धेत पदक मिळवणारी पहिली अमेरिकी महिला जिम्नॅस्ट. तिने जवळपास बारा वर्षं बुलिमिया सोसला, दोनदा तिचं हृदय थांबलं. ती बरी झाली, रंगभूमीवर नाव कमावलं आणि पुढे या विषयावर सातत्याने बोलत राहिली. केटलिन ओहाशीची गोष्ट अलीकडची. 2013 च्या अमेरिकन कपमध्ये तिने बाइल्सला मागे टाकलं होतं, आणि त्याच काळात तिला जाडेपणावरून, उडता न येणाऱ्या पक्ष्याशी तुलना करून हिणवलं जात होतं. तिने अव्वल स्तर सोडला, यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या महाविद्यालयीन संघात गेली आणि 2019 च्या जानेवारीत तिची दहापैकी दहा गुणांची फ्लोअर कसरत जगभर बघितली गेली. ती जरूर बघा. इतकी हसत खेळणारी जिम्नॅस्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

आमची मुलगी क्लासला जाते. आम्ही काय विचारावं?

सरांना थेट विचारा: इथे मुलांचं वजन होतं का? कोण करतं, कशासाठी, आकडा कुणाला कळतो? सराव बघायला पालकांना बसू देता का? चार तासांच्या सरावात खायला सुट्टी आहे का? उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजा. मल्लखांब, योगासनं, नृत्याच्या क्लासलाही हेच प्रश्न लागू आहेत.

घरातही बघा. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ हे मामी-काकूंचं कौतुक आणि ‘हत्ती होतेयस’ ही थट्टा, दोन्ही बंद करायला सांगा. आईने स्वतःच्या पोटाला नावं ठेवणंही मुलगी ऐकत असते. डब्यात फळाच्या दोन फोडी देऊन चार तास उड्या मारायला पाठवू नका. पोळीभाजी, दही, चिक्की, केळं, अंडं चालत असेल तर अंडं, एवढं तरी हवंच.

ती म्हणते, ‘मला काही झालेलं नाही.’ मग?

नाकारणं हा आजाराचाच भाग आहे, तेव्हा कबुलीची वाट बघत बसू नका. जेवणाच्या टेबलावर हा विषय काढू नका. वजनाबद्दलही बोलू नका. ‘तुला हल्ली फार थकवा येतो, तू आमच्यात बसत नाहीस, मला काळजी वाटते’ असं काही दिसलेलं सांगा. ती चिडेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा, आणि तिला विचारत न बसता डॉक्टरांची वेळ घ्या. फॅमिली डॉक्टरांनी ‘या वयात होतं असं’ म्हणून परत पाठवलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधडणं किंवा नाडी फार मंद लागणं, उलटीत रक्त, पाणीही न पिणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर फोनाफोनी न करता सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तिथे इसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगा. ती जिम्नॅस्ट आहे हेही सांगा, नाहीतर मंद नाडी ‘खेळाडूची तब्येत’ म्हणून सोडून दिली जाण्याचा संभव असतो.